चीनचा सिनेमा: गल्ला वाढला, तिकिटं किती फाटली?

बोलपट

चिनी सिनेमाच्या बाजाराची आठवण आपल्याला एकतर आमिर खानचा चित्रपट तिकडे चालला की होते, नाहीतर चीनने अमेरिकेला मागे टाकल्याची बातमी आली की. दोन्ही वेळेला बोलणं गल्ल्याच्या आकड्यापासून सुरू होतं आणि तिथंच थांबतं. या बाजाराबद्दल मी बरीच वर्षं जमेल तेवढं वाचत आलो आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. चीन समजून घ्यायचा तर गल्ला बाजूला ठेवावा. तिकिटं किती फाटली आणि काय भावाने फाटली, ते बघावं.

थोडा मागचा हिशेब. नव्वदीच्या सुरुवातीला चिनी थिएटरं ओस पडत चालली होती. टीव्ही घरोघरी आला होता आणि सरकारी स्टुडिओंच्या चित्रपटांकडे लोक फिरकत नव्हते. उपाय म्हणून १९९४ पासून वर्षाला १० परदेशी चित्रपट गल्ल्यात वाटा देऊन आणायला सुरुवात झाली. चीन जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर हे १० चे २० झाले आणि २०१२ साली अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानंतर ३४. मला मात्र त्याहून मोठा बदल २००२ चा वाटतो. तोवर वितरण प्रांतवार सरकारी कंपन्यांच्या हातात होतं. चित्रपट वरून खाली एकेक पायरी उतरत थिएटरपर्यंत पोचायचा. २००२ मध्ये थिएटरांच्या साखळ्या उभ्या राहिल्या आणि एकाच शहरात दोन-तीन साखळ्या एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. मागोमाग मॉल आले. वांडासारख्या बांधकाम कंपन्यांनी मॉल बांधायचा आणि वरच्या मजल्यावर थिएटर काढायचं असा धडाकाच लावला. सिनेमाला आलेला माणूस वर चढताना आणि खाली उतरताना प्रत्येक मजल्यावरून जातो, त्यामुळे थिएटरला जागा देणं मॉलमालकाला परवडायचं.

पुढची वाढ बघा. २०१० मध्ये वर्षाचा गल्ला पहिल्यांदा १० अब्ज युआनच्या वर गेला. २०१२ मध्ये १७ अब्ज झाला आणि जपानला मागे टाकून चीन जगात दुसरा झाला. २०१५ मध्ये ४४ अब्ज, म्हणजे त्या एका वर्षात जवळजवळ ४९ टक्के वाढ. २०१९ मध्ये ६४.२७ अब्ज, आणि हा उच्चांक अजून मोडलेला नाही. पडदे २०१० मध्ये साधारण ६,२०० होते, २०१५ अखेर ३१,६२७ झाले आणि २०१६ मध्ये त्यांनी ४१,००० चा टप्पा ओलांडून अमेरिकेलाही मागे टाकलं.

आता तिकीट. २०१० च्या जानेवारीत 'अवतार' आला तेव्हा मोठ्या शहरांत आयमॅक्सची तिकिटं काळ्या बाजारात विकली गेली. बीजिंग-शांघायच्या चांगल्या थिएटरात पाटीवरचा भाव ८० युआनच्या पुढेच असायचा. पण देशभराची सरासरी काढली तर २०१० मध्ये ती ३५-३६ युआन होती, २०१५ मध्ये ३५ आणि २०१९ मध्ये ३७. इतक्या वर्षांत तिकीट जागचं हललं नाही. त्याच काळात शहरी माणसाचं वर्षाचं खर्चायोग्य उत्पन्न १९,१०९ युआनवरून ४२,३५९ युआनवर गेलं. म्हणजे कमाई दुपटीच्या वर गेली आणि तिकीट तिथंच राहिलं. माझ्या लेखी चीनच्या वाढीचं खरं कारण हेच.

आणि ते जागच्या जागी आपोआप राहिलं नाही. २०१४ ते २०१६ या काळात ऑनलाइन तिकीट विकणाऱ्या कंपन्यांनी अक्षरशः पैसा ओतला. मेइतुआनचं माओयान, अलीबाबाचं ताओबाओ मूव्ही (पुढे त्याचं ताओपियाओपियाओ झालं), बायदूचं नुओमी, टेन्सेंटच्या पाठबळावरचं वेइपियाओ. प्रत्येकाला गिऱ्हाईक आपल्याच ॲपवर हवं होतं. ९.९ युआनला तिकीट, १९.९ युआनला तिकीट. उरलेली रक्कम कंपनी थिएटरला भरायची, कधी चित्रपटाचा वितरकही त्यात हात घालायचा. थिएटरचा गल्ला पूर्ण भावाने मोजला जायचा आणि प्रेक्षकाच्या खिशातून दहा युआन जायचे. वर्षाकाठी एकदा सिनेमाला जाणाऱ्या कितीतरी लोकांना या दोन वर्षांत महिन्याला जायची सवय लागली.

२०१६ मध्ये हा पैसा आटला. पडदे त्या वर्षीही ३० टक्क्यांनी वाढले, पण गल्ल्याची वाढ ४९ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आली. चित्रपटही त्या वर्षी यथातथाच होते, हे खरं. पण एकाच वर्षात एवढी घसरण नुसत्या चित्रपटांनी होत नाही.

शेवटचा हिशेब मी स्वतः मांडला आहे, वर्षअखेरचे पडदे धरून. २०१५ मध्ये एका पडद्यासमोर दिवसाला साधारण १०९ माणसं बसत होती. २०१९ मध्ये ६८. २०२४ मध्ये ३०. सगळे खेळ मिळून दिवसभरात ३० माणसं! २०२४ मध्ये ९०,९६८ पडदे होते आणि तिकिटं फाटली जेमतेम १०१ कोटी. २०१९ मध्ये हीच तिकिटं १७२ कोटींच्या वर होती. आणि या पाच वर्षांत सरासरी तिकीट ३७ वरून ४२ युआन झालं. २०२४ च्या दराने आपले साधारण ५०० रुपये.

तिकडे राहणाऱ्या मंडळींनी प्रत्यक्ष अनुभव जरूर लिहावा.

प्रोजेक्टर

बोलपट, मनापासून धन्यवाद. आमच्या घरात दोन पिढ्या तालुक्याच्या गावी टॉकीज चालवली, त्यामुळे दिवसाला ३० माणसं वाचून पोटात गोळा आला. तेवढ्यात विजेचं बिलसुद्धा निघत नाही. एक विचारायचं होतं. तिकडे १०० युआनचं तिकीट विकलं तर थिएटरवाल्याच्या हातात काय राहतं? आमच्याकडे पहिल्या आठवड्याची टक्केवारी वेगळी, दुसऱ्याची वेगळी, आणि त्यावरून वितरकाशी कायम वाद.

बोलपट

प्रोजेक्टर साहेब, चीनमध्ये हे गणित बरंच ठरलेलं आहे. १०० युआनमधून ५ युआन चित्रपट विकास निधीला जातात आणि साधारण ३.३ युआन करापोटी. उरले ९१.७. त्यातले ४३ टक्के, म्हणजे ३९ युआनच्या आसपास निर्माता आणि वितरक मिळून घेतात. बाकीचे ५२ थिएटर आणि त्याची साखळी यांचे, त्यातही मोठा वाटा थिएटरचाच. परदेशी चित्रपट वाट्यावर आणला असेल तर परदेशी कंपनीला गल्ल्याच्या २५ टक्के.

आठवड्यागणिक टक्केवारी बदलत नाही, त्यामुळे वाद कमी. पण त्याचा एक परिणाम असा की चित्रपट जुना झाला म्हणून थिएटरवाल्याचा वाटा वाढत नाही. मग जुना चित्रपट धरून ठेवण्यात त्याला काहीच रस उरत नाही. शुक्रवारी पडलेल्या चित्रपटाचे खेळ रविवारपर्यंत निम्मे होतात. रोज सकाळी आकडे बघून खेळ लावायचे हा तिकडचा शिरस्ता आहे.

तो ५ टक्क्यांचा निधी मात्र मला महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्याच्या आणि लहान शहरांत नवीन थिएटर बांधायला, डिजिटल यंत्रं घ्यायला या पैशातून मदत दिली गेली. आज लहान गावांत जे पडदे दिसतात त्यामागे मॉलवाल्यांइतकाच हा निधीही आहे.

शांघायनिवासी

बऱ्याच वर्षांनी या संस्थळावर लिहितोय. नोकरीनिमित्त इकडेच स्थायिक झालो. बोलपट यांनी लिहिलेला तो ९.९ चा काळ मी पाहिलेला आहे, म्हणून राहवलं नाही.

तेव्हा ऑफिसात दुपारी जेवताना सगळे फोन घेऊन बसायचे. कुठल्या ॲपवर आज काय लागलंय, कुणाला नवीन खातं उघडल्याचं कूपन मिळालंय, याचीच चर्चा. एका ॲपवर खुर्च्यांचा नकाशा उघडायचा, जागा बघून ठेवायची, मग दुसऱ्या ॲपवर तोच खेळ उघडायचा आणि जिथे स्वस्त तिथे पैसे भरायचे. थिएटरच्या दाराशी एक उभं यंत्र असायचं. फोनवर आलेला आकडा त्यात घातला की पातळ गुलाबी कागदाचं तिकीट बाहेर यायचं, आणि त्या तिकिटावर भाव छापलेला असायचा ७० किंवा ८० युआन. आपण भरलेले असायचे वीसच्या आत. माझ्या सहकाऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. मला मात्र ते छापील ८० बघून दरवेळी प्रश्न पडायचा की मधले साठ कोण भरतंय आणि किती दिवस भरणार आहे. तिकीट खिडकीवर कुणी उभं नसायचंच. खिडकीतली मुलगी पॉपकॉर्न भरत असायची.

आता काय आहे, तेही सांगतो. साध्या दिवशी माझ्या घराजवळच्या थिएटरात ४०-४५ युआनला तिकीट मिळतं, त्यात ॲपचं सेवाशुल्क आलं. सकाळचा खेळ घेतला तर आणखी स्वस्त. शांघायच्या पगारात हे जड नाही. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं रात्रीच्या खेळाला गेलो तेव्हा दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात आमच्याशिवाय एक जोडपं होतं, बस्स.

आकडेमोड

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याला माझी हरकत आहे. बोलपट म्हणतात की उत्पन्न दुपटीने वाढलं आणि तिकीट थांबलं म्हणून लोक आले. ठीक. मग हाच नियम पुढे लावून बघू. २०२४ मध्ये शहरी खर्चायोग्य उत्पन्न ५४,१८८ युआन होतं आणि तिकीट ४२. म्हणजे २०१० मध्ये एका तिकिटाला वर्षाच्या उत्पन्नाचा जो हिस्सा लागायचा, त्याच्या निम्म्याहूनही कमी हिश्श्यात २०२४ मध्ये तिकीट मिळत होतं. २०१९ च्या तुलनेतही किंचित स्वस्तच. तरी पाच वर्षांत तिकिटं ४० टक्क्यांनी घटली. भावामुळे लोक दुरावले, असं या आकड्यांवरून निघत नाही.

मला कारण दुसरीकडे दिसतं. २०२४ मध्ये चीनमधल्या मोबाइलवरच्या छोट्या मालिकांचा बाजार ५० अब्ज युआनच्या पुढे गेला. दीड-दोन मिनिटांचे भाग, उभ्या पडद्यावर. त्याच वर्षी थिएटरांचा गल्ला ४२.५ अब्ज. म्हणजे हा नवा धंदा थिएटरांना ओलांडून गेला. लोकांकडे पैसा आहे, करमणुकीवर खर्चही होतोय, फक्त तो फोनमध्ये चाललाय. तिकीट पुन्हा दहा युआन केलं तरी ती माणसं परत येतील याची मला खात्री नाही.

बोलपट

आकडेमोड, हरकत अगदी योग्य जागी घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सरासरी ४२ हा वर्षभराचा आकडा. पण चिनी माणूस वर्षभर सिनेमाला जात नाही. लहान गावातला तर नाहीच. तो जातो वसंतोत्सवात, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत, शहरातून घरी आल्यावर, सगळ्या कुटुंबाला घेऊन. आणि नेमका तेव्हाच भाव चढतो. २०२१ च्या वसंतोत्सवात सरासरी तिकीट ४९ युआन होतं आणि सुट्टीत १६ कोटी तिकिटं गेली. २०२२ मध्ये सरासरी ५३ च्या घरात गेली आणि तिकिटं उतरली ११.४ कोटींवर. माणसं २९ टक्के कमी, पण गल्ला २३ टक्केच कमी. तुम्ही धरलेलं ५४,१८८ हे शहरी उत्पन्न आहे. ग्रामीण भागात २०२४ मध्ये ते २३,११९ होतं. सुट्टीत भाव वाढतात ते याच लोकांच्या गावात.

आणि थिएटरवाला भाव का चढवतो, तर दिवसाला ३० माणसांचं गणित वर आहेच. वर्षभर रिकाम्या खुर्च्यांचं भाडं भरायचं आणि ते सुट्टीच्या आठवड्यात वसूल करायचं. यात त्याला दोष देणं मला जमत नाही. पण जो प्रेक्षक वर्षातून एकदा येतो त्याला थिएटर महागच दिसतं आणि उरलेले अकरा महिने तो वाटेला जात नाही.

मोबाइलचा मुद्दा मी नाकारत नाही. पण ते फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे, म्हणूनच तर तिकिटाचा भाव पूर्वीपेक्षा जास्त टोचतो.

मनमोकळी

तुम्हा दोघांच्या हिशेबात चित्रपट कुठे आहे? मला खरंच वाईट वाटलं वाचताना. २०२५ च्या वसंतोत्सवात सरासरी तिकीट जवळजवळ ५१ युआन होतं, आणि तरी १८ कोटींहून जास्त तिकिटं गेली, २०२१ पेक्षाही जास्त. गल्ला साडेनऊ अब्ज. कारण एकच, 'न चा २' (Ne Zha 2). त्या एका ॲनिमेशनपटाने चीनमध्ये १५.४ अब्ज युआन मिळवले, ३२ कोटींहून जास्त तिकिटं. वर्षभराच्या एकूण गल्ल्यात जवळजवळ ३० टक्के वाटा त्या एकाचा. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे गेले, पुन्हा पुन्हा गेले. दिग्दर्शकाने आधीच्या भागानंतर साडेपाच वर्षं घेतली आणि देशभरातल्या शंभराहून जास्त स्टुडिओंनी त्यावर काम केलं.

लोक ५१ युआन देतात. त्यांना काहीतरी बघायला द्या. २०२४ मध्ये ते न मिळाल्यामुळे आले नाहीत, इतकं साधं आहे हे.

आकडेमोड

मनमोकळी ताई, हे १०० टक्के मान्य. फक्त एक भर घालतो. एका चित्रपटाने वर्षाचा ३० टक्के गल्ला आणणं हे बाजार चांगला असल्याचं लक्षण नाही. ९० हजार पडद्यांना वर्षातून असे चार-पाच तरी लागतात, आणि असा एक व्हायला साडेपाच वर्षं लागतात हे तुम्हीच लिहिलंत.

शांघायनिवासी

बोलपट यांनी वसंतोत्सवाचा जो मुद्दा मांडलाय त्याबद्दल डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याचं गाव आनह्वेई प्रांतात, जिल्ह्यापेक्षा लहान जागा. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सुट्टीत घरी बोलावलं होतं. गावात एक जुनं थिएटर आणि नव्या मॉलमध्ये एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे सिनेमाला निघाले: तो, बायको, दोन मुलं, आई-वडील, धाकटी बहीण. त्याने फोनवर नकाशा उघडला तर मधल्या रांगांतल्या खुर्च्यांचा रंग वेगळा आणि भाव वेगळा, कडेच्या खुर्च्या थोड्या स्वस्त. माणशी ७० च्या आसपास पडत होते. त्याच्या आईने भाव विचारला, त्याने उत्तर द्यायचं टाळलं. तिने सुनेकडून काढून घेतला आणि मग ती यायलाच तयार होईना. घरी बसून मुलांसाठी कोथिंबीर-मांसाच्या मोदकांचं सारण करते म्हणाली. तो मला नंतर म्हणाला की शांघायमध्ये याहून स्वस्त मिळतं, गावात आल्यावर महाग कसं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, इथे वाचून मिळालं.

जाता जाता एक. गावांसाठी सरकारची एक जुनी योजना आहे, तिला २१३१ म्हणतात. एकविसाव्या शतकात प्रत्येक गावाला महिन्याला एक चित्रपट, फुकट. सहकाऱ्याचे वडील सांगत होते की पूर्वी मोकळ्या जागेत पडदा लागला की अख्खा गाव पाट-खुर्च्या घेऊन यायचा. अजूनही फिरता पडदा येतो, पण हल्ली पडद्यासमोर म्हातारी माणसं तेवढी दिसतात.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, आज विचारतो. 'दंगल'ने तिकडे १.३ अब्ज युआन केले म्हणतात. मग आपले चित्रपट तिकडे पुढे का चालले नाहीत? भाव, बंदी की चव?

बोलपट

वाचनमात्र, छान झालं लिहिलंत. 'दंगल' २०१७ च्या मे महिन्यात लागला आणि पहिल्या दिवशी त्याला फारसे खेळही नव्हते. तो वाढला तोंडोतोंडी. दौबान नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे लोकांनी त्याला १० पैकी ९ च्या आसपास गुण दिले, आणि वर लिहिलं तसं रोज आकडे बघून खेळ लावत असल्यामुळे थिएटरवाल्यांनी चार दिवसांत बाकीचे खेळ काढून 'दंगल' चढवला. या पद्धतीने वाईट चित्रपट दोन दिवसांत मरतो, तसाच चांगला उठतोही. २०१८ च्या जानेवारीत 'सीक्रेट सुपरस्टार'ने जवळजवळ ७५ कोटी युआन मिळवले. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात घडणारा 'अंधाधुन' लागला, त्यानेही ३० कोटींच्या वर मजल मारली. तिन्हींत बघा, घरातले ताण आहेत किंवा गोष्टीची पकड आहे. पोरांवर आई-बापांनी लादलेल्या अपेक्षा हा विषय चिनी प्रेक्षकाला फार जवळचा.

परदेशी चित्रपट आत जायच्या दोन वाटा. एक गल्ल्यातल्या वाट्याची, तिचा कोटा मोठ्या प्रमाणावर हॉलिवूडकडे जातो. दुसरी, ठरावीक रकमेला हक्क विकून टाकायचे, मग गल्ला कितीही होवो. बहुतेक भारतीय चित्रपट दुसऱ्या वाटेने जातात, त्यामुळे वर्तमानपत्रात छापलेला गल्ला म्हणजे भारतात आलेला पैसा, असं समजू नये. २०२० नंतर सीमेवरच्या तणावामुळे भारतीय चित्रपट जवळजवळ थांबले. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर तमिळ 'महाराजा' लागला, तेव्हा पुन्हा थोडं दार उघडलं.

पडद्यामागचे

९.९ च्या काळाबद्दल एक काळी बाजूही लिहायला हवी. तिकिटाचे पैसे प्रेक्षकाऐवजी दुसराच कुणी भरतोय, हे एकदा चालून गेलं की मग प्रेक्षक खरोखर आहे की नाही हे कोण बघणार? २०१६ च्या मार्चमध्ये 'इप मॅन ३'चं प्रकरण बाहेर आलं. चौकशीत ७,६०० हून अधिक खेळ बनावट निघाले आणि वितरकाच्या बाजूने ५.६ कोटी युआनची तिकिटं स्वतःच विकत घेतल्याचं उघड झालं. मध्यरात्रीचे खेळ, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने लावलेले, हाउसफुल्ल आणि सभागृहात कुणी नाही. वितरकाला महिनाभर काम बंद ठेवायची शिक्षा झाली.

कारण गल्ल्याशी बांधलेली दुसरीच गुंतवणूक होती. चित्रपट किती कमावणार यावर लोकांकडून पैसे गोळा केले जात होते, शेअर चढत-उतरत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्रपटांसाठी स्वतंत्र कायदा मंजूर झाला, मार्च २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात गल्ल्याची लपवाछपवी करणाऱ्या थिएटरांना दंडाची तरतूद आहे. शिवाय २०१७ पासून अधिकृत गल्ल्यात ॲपचं सेवाशुल्कही मोजू लागले. म्हणून २०१६ आणि २०१७ चे आकडे शेजारी ठेवताना जपून.

बोलपट यांचा मुद्दा मला इथे सर्वांत जास्त पटतो. गल्ला फुगवता येतो. माणसं मोजणंही फसवता येतं, पण खुर्चीत माणूस आहे की नाही ते थिएटरच्या डोअरकीपरला तरी माहीत असतं.

प्रोजेक्टर

सगळं दोनदा वाचलं. मला त्या ९० हजार पडद्यांची चिंता वाटते. हे बांधताना कुणी थांबवलं का नाही?

बोलपट

थांबवायचं सोडा, उलट पुढे ढकललं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये चित्रपट प्रशासनाने जाहीर केलं की २०२० पर्यंत ८०,००० च्या वर पडदे हवेत. तेव्हा गल्ला वाढत होता, कुणाला शंका नव्हती. मग २०२० च्या जानेवारीत साथ आली, थिएटरं जवळजवळ सहा महिने बंद राहिली आणि २० जुलैला उघडली तेव्हा जास्तीत जास्त ३० टक्के खुर्च्यांवरच माणसं बसवायची परवानगी होती. त्या वर्षी चीन अमेरिकेच्या पुढे गेला खरा, पण २० अब्ज युआनवर, २०१९ च्या एक तृतीयांशाच्याही खाली. आपल्या वर्तमानपत्रांनी 'चीन जगात पहिला' एवढंच छापलं.

शांघायनिवासी

इकडची थिएटरं हातपाय मारतायत. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी काही शहरांत थिएटरात थेट प्रक्षेपण दाखवलं. दुपारी ऑफिसातल्या लोकांना झोपायला आडवी होणारी खुर्ची भाड्याने देणारीही थिएटरं आहेत. २०२५ मध्ये सरकारी सवलतींची कूपनंही आली, पुन्हा वीस-तीस युआनला तिकीट मिळत होतं. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांनी त्यावर 'न चा २' दोनदा पाहिला.

बोलपट

हेच मला विचारायचं होतं. ती मुलं नंतर, कूपन संपल्यावर, दुसऱ्या कुठल्या चित्रपटाला गेली का?

शांघायनिवासी

विचारलं आज. पाचांतली एक गेली. बाकीचे म्हणाले, चांगला आला तर बघू, पण ४५ ला नाही.

आकडेमोड

म्हणजे आपण दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहोत, बोलपट. २०२५ चं एकूण बघितलं तर सुमारे ५१.८ अब्ज युआन आणि १२४ कोटींच्या आसपास तिकिटं. सरासरी अजून ४२ च्या जवळच. भाव न उतरवता २३ कोटी तिकिटं वाढली, पण त्यातला मोठा वाटा एका चित्रपटाचा. तो वजा करून २०२४ शी तुलना केली तर बाकीच्या सगळ्या चित्रपटांना मिळून आधीच्या वर्षीपेक्षा कमीच माणसं आली.

प्रोजेक्टर

मग थिएटरवाल्याने काय धरायचं? भाव उतरवला तर ५२ टक्क्यांत भाडं निघत नाही, चढवला तर आजी घरी बसते. माझ्या वडिलांनी टॉकीजचं बाल्कनीचं तिकीट वाढवलं पण खालचं शेवटपर्यंत वाढवलं नाही. म्हणायचे, खालचा प्रेक्षक दर शुक्रवारी येतो, वरचा पाहुणे आले की. मला वाटतं चीनच्या त्या लहान गावातल्या थिएटरांनी सुट्टीत निदान कडेच्या चार रांगा तरी जुन्या भावाने ठेवाव्यात.

बोलपट

साहेब, अडचण अशी आहे की किमान भाव वितरक ठरवून देतो, प्रत्येक चित्रपटाला आणि गावाच्या प्रतीप्रमाणे वेगळा. त्याच्याखाली तिकीट विकलं तरी वितरकाला वाटा त्या किमान भावानेच द्यावा लागतो. सुट्टीच्या चित्रपटांना हा किमान भावही वर सरकतो. त्यामुळे तुमच्या वडिलांनी केलं ते करायचं तर गावातल्या थिएटरवाल्याला स्वतःच्या खिशातून करावं लागेल. वितरकांनी लहान गावांसाठी सुट्टीतला किमान भाव खाली आणला तरच हे जमेल.